ज्याच्या त्याच्या वायव्येला

दिशा आठ असतात, एवढं शाळेत शिकवतात. पण आपली एक दिशा जिथं संपते तिथंच शेजाऱ्याची दुसरी दिशा सुरू होते, हे कुणी शिकवत नाही. ते शिकवलं असतं तर मोतीराम बोराड्याचं अठ्ठ्याण्णव साल संडासाच्या खड्ड्यापायी नासलं नसतं, आणि लेकीचं पहिलं बाळंतपण हातचं जायची पाळी त्याच्यावर आली नसती.

मोतीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर कामाला. उभी हयात बोर्डाच्या क्वार्टरमध्ये गेली. रिटायर व्हायच्या आत स्वतःचं घर हवं म्हणून त्यानं नाशिक रोडच्या पुढं, एकलहऱ्याच्या रस्त्यालगत प्लॉट घेतला. शेताचे तुकडे पाडून केलेली ती नवी वसाहत. तिथं पालिकेचा नळ नव्हता, गटार तर नव्हतंच. दोन्ही "येणार, येणार" असं पालिका सांगत होती, आणि येणाऱ्या गोष्टींचं नाशकात काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. म्हणून ले-आउट मंजूर करतानाच अट घातलेली होती: गटार येईपर्यंत ज्यानं त्यानं आपापली सेप्टिक टाकी बांधायची, टाकीतून निघणारं पाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डा करायचा, आणि तो खड्डा कुठल्याही विहिरीपासून किंवा बोअरपासून पन्नास फूट लांब ठेवायचा. अट नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरात होती. नकाशा ज्यानं त्यानं घडी घालून कपाटात ठेवला आणि घर मात्र गुरुजींना विचारून बांधलं.

कारण त्या वर्षांत वास्तुशास्त्राची साथ आली होती. ज्यांचे आजे-पणजे दिशा न बघता हागणदारीत गेले, त्यांचे नातू संडासाचं भांडं कुठल्या अंशावर बसवायचं याचा सल्ला घेत होते. वसाहतीतल्या लोकांनी मिळून एक गुरुजी गाठले. गुरुजींनी होकायंत्र फिरवलं आणि सगळ्यांना एकच सांगितलं. पाणी ईशान्येला, संडास आणि त्याचा खड्डा वायव्येला. दक्षिणेला खड्डा चुकूनही नको, दक्षिण यमाची, तिथं खड्डा केला तर घरातलं माणूस जातं.

सल्ल्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त घरं एका ओळीत होती. पश्चिमेच्या टोकाला सलीम अत्तार, त्याच्या शेजारी मोतीराम, मग अमित देवरे आणि पूर्वेच्या टोकाला सहादूअण्णा. आता कुणीही कागदावर चार चौकोन काढून बघावेत. समोर उत्तरेला रस्ता, मागं दक्षिणेला उताराचा मोकळा माळ. मोतीरामची ईशान्य म्हणजे त्याचा समोरचा उजवा कोपरा. तिथं त्याचं बोअर. कुंपणाच्या पलीकडं लगेच अमितचा समोरचा डावा कोपरा, म्हणजे अमितची वायव्य. तिथं अमितचा शोषखड्डा. ज्याचं त्याचं शास्त्र बरोबर, आणि दर दोन घरांमध्ये एकाचं पिण्याचं पाणी आणि दुसऱ्याच्या संडासाचं पाणी भिंतीला भिंत लावून बसलेलं.

मोतीरामला हे दोन वर्षं कळायचं कारणच नव्हतं, कारण दोन वर्षं अमितचा प्लॉट रिकामा होता. मोतीरामच्या बोअरचं पाणी असं गोड, की बोर्डाच्या कॉलनीतले जुने सोबती कॅन घेऊन यायचे. मग अमितनं घर बांधलं. नोटांच्या छापखान्यात नोकरी, तरणाताठा गडी, बोलायला लाघवी. वास्तुशांतीला मोतीराम जेवला, आहेर केला. पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि उन्हाळा लागला तसा बोअरच्या पाण्याला वास मारू लागला.

आधी त्याच्या बायकोला, आशाला, वाटलं गच्चीवरच्या टाकीत पाल पडली असेल. टाकी घासली. मग वाटलं पाइप गंजला असेल. पाइप बदलला. मग मोतीराम कुंपणावर चढला आणि त्यानं पलीकडं वाकून बघितलं. अमितच्या शोषखड्ड्याचं झाकण त्याच्या बोअरपासून हातभर वाटावं इतकं जवळ होतं.

"अमित," मोतीराम तिथूनच ओरडला, "हा खड्डा इथं कुणी खणायला सांगितला तुला?"

अमित दात घासत बाहेर आला. "काका, वायव्य आहे ना ती माझी."

"तुझी वायव्य माझ्या पाण्यात उतरलीय."

"मग काय ईशान्येला करू? तिथं माझं बोअर आहे." आणि अमित तोंड धुवायला आत गेला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

मोतीरामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि त्याला कारण नुसता वास नव्हता. सरिता, त्याची एकुलती एक लेक, पेठला दिलेली होती. तिला पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काही मोतीरामनं काढलेली नव्हती. पण घर बांधताना मागची खोली आशानं त्यासाठीच काढायला लावली होती, जिथं थेट वारा येत नाही आणि ऊन येतं अशी. क्वार्टरच्या दोन खोल्यांत लेकीला आणायचं नाही, स्वतःच्या घरात आणायचं, एवढी एकच हौस त्या बाईनं आयुष्यात बोलून दाखवली होती. सातव्या महिन्यात ओटी भरून सरिताला आणायचं ठरलेलं होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात चिमणाबाई आल्या. सरिताची सासू. पेठच्या डोंगरातली बाई, भात लावणारी, कमी बोलणारी. नाशिकला दवाखान्याच्या कामाला आल्या होत्या, म्हणून विहिणीकडं डोकावल्या. आशानं चहा टाकला. चिमणाबाई हातपाय धुवायला मोरीत गेल्या, नळ सोडला आणि तशाच कोरड्या बाहेर आल्या.

"हे पानी पेता तुमी?" त्यांनी विचारलं.

"उकळून पितो, विहीणबाई," आशा म्हणाली.

"उकळून वास जातो का?"

आशानं चहाचा कप पुढं सरकवला. चिमणाबाईंनी चहा घेतला नाही. जाताना मोतीरामला म्हणाल्या, "ईवाय, राग धरू नका. आमच्या शेजारच्या गावाला औंदा घाण पान्यानं दोघींना कावीळ झाली, त्यातली एक पोटुशी व्हती. ती नाय वाचली. पानी चांगलं झालं तर सून धाडंन. नाय तर बाळातपन पेठला व्हईल. आमच्याकडं झऱ्याचं पानी हाय."

यात चिमणाबाईंची चूक काढायला मोतीरामनं दोन दिवस प्रयत्न केला. सापडली नाही. त्यामुळं त्याचा राग सगळाच्या सगळा अमितवर शिल्लक राहिला.

तो पालिकेच्या ऑफिसात गेला. अर्ज दिला. अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा यावर तीन टेबलांचं एकमत होईना. बांधकामवाले म्हणाले आरोग्याकडे जा, आरोग्यवाले म्हणाले नगररचनेकडे जा, नगररचनेत जे बसले होते ते जेवायला गेले होते आणि जेवून कधी येतात ते कुणाला माहीत नव्हतं. मोतीरामनं बॉयलरवर आयुष्य काढलेलं. वाफ कोंडली तर काय होतं ते त्याला माहीत होतं. त्यानं नगररचनेच्या दारात स्टूल टाकून बसायला सुरुवात केली. पाळी संपली की तिथं. शेवटी त्याचं तोंड बघायचा कंटाळा येऊन खैरनार नावाचे एक इंजिनिअर टेप घेऊन निघाले.

खैरनारसाहेब स्वतःच पिचलेला माणूस होता. असल्या वसाहती अख्ख्या शहराभोवती उगवल्या होत्या आणि ते एकटे टेप घेऊन हिंडत होते. त्यांनी मोतीरामच्या बोअरला टेप लावली, अमितच्या खड्ड्यापर्यंत ओढली. अकरा फूट.

"नियम पन्नास फुटांचा," साहेब म्हणाले. "खड्डा हलवावा लागेल. नोटीस काढतो."

मोतीरामनं अमितकडं असं बघितलं, की निवडणूक जिंकलेला माणूससुद्धा तसं बघत नाही. साहेबांना चहा सांगायला तो वळला, तोवर साहेब टेप गुंडाळत गुंडाळत त्याच्याच अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचले होते.

"हा खड्डा कुणाचा?"

"माझा," मोतीराम म्हणाला.

"आणि भिंतीपलीकडं ते बोअर?"

"सलीमचं."

साहेबांनी टेप टाकली. नऊ फूट. आपण हसतो लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, ते हेच. अमित हसला नाही, पण न हसण्यासाठी त्याला तोंड फिरवावं लागलं. मग साहेब सहादूअण्णांकडं गेले. अण्णांचा खड्डा अमितच्या बोअरपासून दहा फूट.

"तुम्ही लोकांनी ठरवून केलंय का हे?" खैरनारसाहेबांनी विचारलं. "सगळ्यांची बोअरं एकाच कोपऱ्यात, सगळ्यांचे खड्डे एकाच कोपऱ्यात. एकानं तरी चुकायचं होतं."

चुकायला सलीम होता खरा. त्याला वास्तूचं सोयरसुतक नव्हतं. त्याच्या आईची, जैतुनबीची, एवढीच अट होती की संडासात बसताना तोंड किंवा पाठ मक्केकडं व्हायला नको. पण बोअरची गाडी वसाहतीत एकदाच आली, गाडीवाल्यानं सगळ्यांची भोकं एका रांगेत पाडली आणि सलीमचंही पाणी त्याच कोपऱ्यात निघालं. त्याच्या पश्चिमेला नाल्याचा भराव होता, घर नव्हतं. म्हणजे सलीमचा खड्डा कुणालाच त्रास देत नव्हता, मोतीरामचा मात्र सलीमला देत होता.

साहेबांनी चहा न घेताच उपाय सांगितला. इथं वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली फुटका कातळ. पाणी भेगेतून चालत जातं, जिरत नाही. टाकी पक्की आहे, ती असू दे जागेवर. टाकीतून एक पाइप घराच्या कडेनं मागं न्या आणि शोषखड्डा मागच्या बाजूला, दक्षिणेला, मधोमध करा. तिथून सगळी बोअरं पन्नास फुटांच्या बाहेर पडतात आणि मागं नुसता माळ आहे. तिघांना नोटीस निघेल, दोन महिन्यांत काम करा.

"दक्षिणेला?" सहादूअण्णांनी विचारलं, आणि त्या एका शब्दावर सगळं घोडं अडलं.

नोटिसा आल्या त्या संध्याकाळी चौघे अण्णांच्या ओट्यावर बसले. सहादूअण्णा वयानं मोठे, ओळीतलं पहिलं घर त्यांचं, आणि पाणी फक्त त्यांचंच गोड होतं, कारण त्यांच्या पूर्वेला कुणी राहत नव्हतं. त्यांनी सगळ्यांना तेच गोड पाणी दिलं आणि सांगितलं, "माझ्या पाण्याला काही झालेलं नाही. मी कशाला यमाला आवतण देऊ?"

"अण्णा, तुमचा खड्डा माझं पाणी घाण करतो," अमित म्हणाला.

"तू छापखान्यातून कॅन आणतोस ना रोज?"

"आणतो."

"मग झालं तर."

अमितचं म्हणणं, अण्णांनी आधी हलवावा, मग मी हलवीन. माझं पाणी सुधारणार नसेल तर मी यम का अंगावर घेऊ? मोतीरामनं सगळं मनात मांडून बघितलं आणि त्याला हसावं की रडावं कळेना. प्रत्येकानं खर्च करायचा तो पश्चिमेच्या शेजाऱ्यासाठी, आणि फायदा यायचा तो पूर्वेच्या शेजाऱ्याकडून. ज्याच्यापासून सुरुवात व्हायची त्या अण्णांना काहीच मिळणार नव्हतं, आणि ज्याला सगळ्यांत शेवटी मिळायचं त्या सलीमला काही करायचंच नव्हतं. सलीम बिचारा गप्प बसून होता. नाशिक रोडला त्याचं सोफ्याच्या गाद्या शिवायचं दुकान. मवाळ माणूस.

"आणि ही नोटीस आलीच कुणामुळं?" अण्णांनी शेवटी विचारलं. "अर्ज कुणी दिला? आता माझ्या दारात पाण्याला यायचं नाही कुणी." म्हणजे गोड पाण्याचा तोही रस्ता बंद झाला.

दोन महिन्यांची वाट बघायची पाळीच आली नाही. खैरनारसाहेबांची बदली सिडकोकडं झाली. नवे साहेब म्हणाले, मोजणी पुन्हा करावी लागेल. कधी? पावसाळ्यानंतर. मोतीराम त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यावर बसून राहिला. इतका जीव उबगला होता की चिडायलाही त्राण नव्हतं.

घरी आला तर भिंतीपलीकडं जैतुनबी चुलीवर पाण्याचं पातेलं उतरवत होती. गॅस असताना ही म्हातारी अंगणात चूल का पेटवते, असा प्रश्न मोतीरामला बरेच दिवस पडला होता, पण विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"पाणी उकळायला, भाऊ," जैतुनबी म्हणाली. "सगळ्या घराला गॅसवर परवडत नाही."

"तुमच्याकडंही वास येतो?"

"तीन साल झाले."

मोतीरामनं मनात हिशेब केला. तीन वर्षं म्हणजे त्याचं घर झालं तेव्हापासून. अमितच्या प्लॉटमध्ये गवत वाढत होतं तेव्हापासून. बोर्डाचे सोबती त्याच्याकडून कॅन भरून नेत होते तेव्हापासून.

"मग बोलला का नाहीत?"

"सलीम म्हणाला, शेजारी चांगला आहे, कशाला तोंड वाजवायचं. आयशाला मालेगावला पाठवलं आम्ही, तिच्या आईकडं. दुसरं बाळंतपण आहे, इथंच करायचं होतं. डॉक्टर म्हणाले, या पाण्यात ठेवू नका." जैतुनबीनं पातेल्यावर फडकं झाकलं. "तुमची सरिता कधी येतेय?"

त्या साध्या प्रश्नानं मोतीरामला जी लाज वाटली तशी आयुष्यात वाटली नव्हती. दोन महिने तो आपल्या लेकीसाठी गल्ली डोक्यावर घेऊन हिंडत होता. दुसऱ्या भिंतीपलीकडची सून त्याच्याच खड्ड्यापायी घराबाहेर गेली होती आणि त्याला पत्ताही नव्हता.

रात्री जेवताना त्यानं आशाला सांगितलं, "मी आपला खड्डा मागं नेतो."

"दक्षिणेला?" आशाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "लेक पोटुशी असताना? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? त्यानं आपलं पाणी तर सुधारणार नाहीच."

"नाही सुधारणार. सलीमचं सुधारेल."

"म्हणजे घरावर यम बोलवायचा आपण, आणि पाणी गोड व्हायचं दुसऱ्याचं."

"आयशाला मालेगावला पाठवलीय त्यांनी. आपल्यामुळं."

आशानं भाकरी ताटात ठेवली. तिचा गुरुजींवर विश्वास होता. मोतीरामसारखा तोंडदेखला नाही, मनापासून. तिनं ताट बाजूला सारलं.

"कितवा आहे तिला?" तिनं विचारलं.

"आठवा."

"खणा," आशा म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी खणायला माणसं आली तेव्हा तिनं देवापुढं दिवा लावला, मागचं दार लावून घेतलं आणि काम होईपर्यंत उघडलं नाही.

पावसाच्या आत खड्डा झाला, पाइप झाला, जुना खड्डा उपसून भरून टाकला. मोतीरामला वाटलं, चला, एकानं सुरुवात केली, आता तरी बाकीचे हलतील. कसले हलतात. अमित येऊन खड्डा बघून गेला, सगळीकडून फिरून, विहिरीत वाकून बघावं तसा.

"छान केलंत काका," तो म्हणाला. "आता थोडे दिवस बघू या."

"काय बघायचंय?"

"म्हणजे... तुमच्याकडं सगळं ठीक राहतं का ते."

मोतीरामला समजायला क्षण लागला. समजलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. गल्ली त्याच्या घरातलं कोण जातंय याची वाट बघत होती. कुणी मेलं तर गुरुजी खरे, कुणी नाही मेलं तर अमित खड्डा खणणार. आणि मरायला त्या घरात सध्या सगळ्यांत सोपं माणूस कोण, तर बाळंतीण व्हायच्या वाटेवरची सरिता. म्हणजे सरिता सुखरूप मोकळी झाल्याशिवाय अमित खड्डा हलवणार नाही, आणि अमित खड्डा हलवल्याशिवाय सरिता बाळंतपणाला येणार नाही. असला पेच बॉयलरवर पडला असता तर मोतीरामनं सरळ प्लँट बंद केला असता.

त्यात पावसात मोतीरामची स्कूटर घसरली आणि त्याचा पाय मुरगळला. संध्याकाळी सहादूअण्णा, जे एरवी बोलत नव्हते, चौकशीला आले. पाय बघितला, मागच्या अंगाला नजर टाकली आणि म्हणाले, "सुरुवात झाली म्हणायची."

"अण्णा, रस्त्यात शेण होतं," मोतीराम म्हणाला.

"शेण रोजच असतं," अण्णा म्हणाले.

सातवा गेला, आठवा गेला. चिमणाबाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी पेठलाच सरिताची ओटी भरली; आशा एसटीनं जाऊन हिरवी साडी देऊन आली. येताना सावळघाटात एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत सगळ्या वाटेनं रडली. घरी आल्यावर मागच्या खोलीत तिनं कांद्याची पोती ठेवून टाकली. आता रिकामी कशाला ठेवायची, म्हणाली.

श्रावणात दोन गोष्टी झाल्या. सलीमच्या बोअरचा वास गेला. त्यानं बाटली भरून तपासायला दिली, पाणी पिण्यालायक असल्याचं कळलं, आणि आयशा मालेगावहून तान्ह्या मुलाला घेऊन घरी आली. आणि पेठहून फोन आला: सरिता मोकळी झाली, मुलगी झाली, दोघी छान आहेत.

मोतीराम पेढे घेऊन निघाला तो आधी अमितकडं. त्याला घाई होती. "घे, तोंड गोड कर. सगळं सुखरूप झालं. कुणी गेलं नाही, उलट एक माणूस वाढलं. आता मजूर सांगू का? माझेच देतो पाठवून."

अमितनं पेढा घेतला. थोडा विचार केला. "मुलगी झाली ना, काका?"

"हो."

"नाही, म्हणजे... थोडा परिणाम दिसतो म्हणायचा."

मोतीरामच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता म्हणून, नाही तर त्या दिवशी अमितचं काही खरं नव्हतं. तो तसाच परत आला आणि ओट्यावर बसला. आशानं विचारलं, काय झालं. त्यानं अमितचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. आशा चिडली नाही, निदान दिसली तरी नाही. तिनं पदर खोचला आणि मागच्या खोलीतली कांद्याची पोती ओढून बाहेर काढायला लागली.

"काय करतेस?"

"लेक आणते. सव्वा महिना झाला की आणते. नातीचं बारसं इथं होईल."

"आणि पाणी?"

आशा तशीच भिंतीशी गेली आणि तिनं जैतुनबीला हाक मारली. दोघींचं बोलणं फार लांबलं नाही. सलीमनं दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून नळी टाकून दिली, नको नको म्हणताना. चिमणाबाईंना फोन गेला, त्यांनी पाणी कुणाचं ते दोनदा विचारलं आणि सून पाठवायला होकार दिला. नुसत्या पाठवून थांबल्या नाहीत, बारशाला स्वतः आल्या.

बारशाला गल्ली झाडून आली. जैतुनबी आणि आयशा बाळाला घेऊन आल्या, अमित बायकोला घेऊन आला, सहादूअण्णा रुसवा विसरून आले, कारण जेवण होतं. मागच्या खोलीत पाळणा टांगला होता आणि सरिता न्हाऊन ताजी होऊन बसली होती. मोतीराम हे सगळं बघत दारात उभा होता, आणि वर्षात पहिल्यांदा त्याला कुणावर ओरडावंसं वाटत नव्हतं.

आशानं स्वयंपाकघरात दोन कळश्या मांडल्या होत्या. एकीतलं पाणी सगळ्यांना दिलं. दुसरीतून एकच ग्लास भरला, तबकात ठेवला आणि अमितपुढं धरला. अमितनं ग्लास उचलला, तोंडाशी नेला आणि तिथंच थांबला.

"काकू, हे पाणी..."

"आमच्या बोअरचं आहे," आशा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल, पण आवाज चढणार नाही, अशा बेतानं. "तुमच्याकडूनच येतं ते. सहा महिने झाले आम्ही घेतोय, तुम्ही एक घोट तर घ्या. नातीच्या बारशाचं पाणी आहे, नाही म्हणू नये."

पाळण्याची दोरी धरलेल्या बायका थांबल्या. चिमणाबाईंनी मान वर केली. अमित ग्लास धरून बसला, पिताही येईना, ठेवताही येईना. त्याच्या बायकोनं तो त्याच्या हातातून काढून घेतला, नाकाशी नेला आणि जमिनीवर ठेवला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"उद्या रजा टाका," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि खड्डा खणा. गुरुजींना काय सांगायचं ते मी सांगते."

अमितनं मान हलवली. सहादूअण्णा पेढा चघळत होते. हे सगळं त्यांनी ऐकलं, टोपी सारखी केली आणि निघायच्या बेतानं गुडघ्यावर हात टेकले.

"अण्णा, बसा," अमितची बायको म्हणाली. "तुमचं पाणी माझ्याकडं आहे. आत्ता घेऊन येते."

आणि तोच ग्लास दाराबाहेर रिकामा करून, धुवायला न थांबता, ती तशीच घराकडं गेली.